घोंगडीवरचा प्रबंध

आमच्या थोरल्या जाऊबाई महिन्यातून चार दिवस सुखात असत. इतर बायका ज्या दिवसांत कोपऱ्यात अंग चोरून बसायच्या, त्यांचीच या वाट बघायच्या. कावळा शिवला की मागच्या पडवीत घोंगडी अंथरून बसायचं. चूल नाही, पाणी भरणं नाही, कोणी शिवायचं नाही की काम सांगायचं नाही. अमरावतीच्या आमच्या गल्लीत एम.ए. झालेली सूनच कोणी पाहिली नव्हती, आणि ही बाई तिथे बसून पीएच.डी.चा प्रबंध लिहीत होती!

माहेर अकोल्याचं. वडील संस्कृतचे शिक्षक, त्यामुळे खूळ तिथूनच आलेलं. विषय होता, संस्कृत ग्रंथांतला विदर्भ. एरवी त्यांना वेळ कुठला? थोरले दीर वकील. दर्यापूरकडचे पक्षकार सकाळीच दारात हजर, आणि कामाचं बोलून झालं की जेवूनच जायचे. जाऊबाई वरणाला फोडणी देता देता मनात वाक्यं जुळवायच्या. ओठ हलताना बघून सासूबाईंना वाटायचं, सून स्तोत्र म्हणते आहे. मीही त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही.

पडवीत पहिल्यांदा पुस्तक उघडलं तेव्हा मात्र सासूबाई कडाडल्या, "काहून वं, अशा दिवसांत सरस्वतीले हात लावतं?"

"पोथी नाही आत्याबाई, छापील पुस्तक हाय," जाऊबाई म्हणाल्या.

सासूबाई सोवळ्याओवळ्यात भल्याभल्यांना हार न जाणाऱ्या, पण शास्त्रात बसत असेल तर अडवायच्या नाहीत. थोडा विचार करून त्यांनी निवाडा दिला, "लोकरीले विटाळ नसते. घोंगडीवर ठेवून वाच." त्या दिवसापासून पुस्तकं, कागद, दौत, सगळा संसार घोंगडीवर आला.

लिहिता लिहिता ऐन रंगात आल्यावर जाऊबाई टाक खाली ठेवायच्या. मला नवल वाटायचं. विचारलं तर म्हणाल्या, "सगळं दही खाऊन टाकलं तर उद्या विरजण कशाचं लावशील? पुढचं वाक्य मले माहीत हाय, म्हणून तर उठून राहिली." पुढल्या महिन्यात बसल्या की ते वाक्य आधी कागदावर उतरायचं आणि मग गाडी सुरू. मन लागत नाही, कंटाळा आला, असलं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

जाऊबाईंना पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा घरात पेढे वाटले. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "आता वं कधी लिहू मी?" मला हसू आवरेना. त्यांना हसू येत नव्हतं.

असा रखडत रखडत प्रबंध शेवटच्या प्रकरणाशी आला आणि विद्यापीठाने कळवलं, भाद्रपद संपायच्या आत नागपूरला पोचला नाही तर नाव रद्द. मुदत आधीच वाढवून झालेली. आणि भाद्रपदात महालक्ष्म्या! सोळा भाज्या, पुरण, आंबील, घरभर माहेरवाशिणी, आणि महालक्ष्म्या आणायचा मान थोरल्या सुनेचा. चार दिवस आधीच जाऊबाईंचं चौथ्या दिवसाचं न्हाणं झालेलं. म्हणजे पुन्हा पडवी मिळेपर्यंत मुदत संपून जाणार होती.

मी म्हटलं, "बाई, सांगून द्या ना खोटंच. कोण तपासायले येते?"

"नाही वं. देवीशी खोटं बोलून मले डॉक्टर नाही व्हायचं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी सगळे कागद फडक्यात बांधून फळीवर ठेवले आणि डाळ निवडायला बसल्या. त्यांचे डोळे भरलेले मी पहिल्यांदाच पाहिले, आणि मला फार राग आला. कोणाचा, ते ठरवता येईना.

सासूबाईंनी ते गाठोडं पाहिलं. "हे काहून वर गेलं?"

"आता नाही होत, आत्याबाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी, नणंदा, पाहुण्या, सगळ्या जमलेल्या असताना सासूबाईंनीच मोठ्याने सांगितलं, "थोरलीले कावळा शिवला. महालक्ष्म्या धाकटी आणीन."

जाऊबाई जागच्या जागी उभ्या. सासूबाईंनी स्वतः फळीवरचं गाठोडं काढून पडवीत घोंगडीवर नेऊन ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "खोटं मी बोलली. देवीले काय सांगायचं ते मी सांगीन. तू लिही."

ज्या बाईने जन्मात ओवळ्या वस्त्राचा धक्का लागू दिला नाही, तिने ऐन महालक्ष्म्यांत हे केलं. त्या वर्षी सोळा भाज्या मी रांधल्या. दोन भाज्यांत मीठ विसरले, त्याबद्दल नणंदांनी पुढे कित्येक वर्षं ऐकवलं.

प्रबंध वेळेत पोचला. पदवी मिळाल्यावर हळदीकुंकवाला सासूबाई येईल त्या बाईला सांगत, "ही आमची थोरली. डॉक्टर हाय. औषध मागू नका, देत नाही."

पुढे जाऊबाई अकोल्याला प्राध्यापिका झाल्या. त्यांच्या हाताखाली किती मुली शिकून गेल्या. जाऊबाई गेल्या तेव्हा शोकसभेला मी गेले होते. भाषणं झाली, मोठमोठी माणसं बोलली. निघताना एका तरुण बाईने मला वाकून विचारलं, "आपण बाईंच्या कोण?"

मी म्हटलं, "त्या लिहीत होत्या ना, तेव्हा स्वयंपाक मी केला."