म्हाताऱ्याच्या दोन जाती

हे माझ्या तोंडून आजवर निघालेलं नाही. नवऱ्याला माहीत नाही, मुलींना नाही. तुम्हाला का सांगतेय — ते विचारू नका.

म्हातारा नावाचं तण तुम्ही पाहिलं असेल. गव्हात, पाटाच्या कडेला येतं. देठ मोडला की पांढरा चीक, पिवळी फुलं, आणि फूल सुकलं की वाऱ्यावर उडणाऱ्या म्हाताऱ्या. त्याच्या दोन जाती — एक साधा, एक काटेरी. पण काट्यांवर भरवसा नाही. कोवळेपणी दोन्ही सारखेच दिसतात. खरी ओळख पानाच्या बुडाशी. तिथं पान खोडाला दोन कानांनी धरतं. साध्याचे कान टोकदार, काटेरीचे गोल. एवढंच. एवढंच तर सांगायचं होतं मला.

परभणीत बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते मी. वसतिगृहाच्या खोलीत माझ्यासोबत कौसल्या — पालमकडच्या एका खेड्यातली, दलित वस्तीतली. आधीची दोन्ही वर्षं ती वर्गात पहिली, मी दुसरी. मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, गावोगाव पेटलं, त्यात तिचं घर जळालं. ती परत आली तेव्हा दिवाळी उलटून गेली होती, निम्मी प्रात्यक्षिकं बुडाली होती. आमच्या गावी, बोरीत, आमच्या ओसरीवर तेव्हा काय बोललं जायचं ते मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर ते कारण होईल. आणि ओसरीवरचं कुणी माझ्या खोलीत आलं नव्हतं.

परीक्षेच्या आधी ती माझ्या शेजारी येऊन बसली. "कान कळंनात बघ मला. बाकी समदं वाचून काढलं. तू रोपं बघितलीस, तू सांग."

मला — कसं सांगू? — बरं वाटलं. ती मला विचारतेय म्हणून. आणि त्याच क्षणी कळलं, ही याही वर्षी माझ्या पुढं जाणार. घर जळूनही?

"सोपं आहे," मी म्हणाले. "काटा टोकदार, म्हणून काटेरीचे कान टोकदार. साध्याचे गोल."

चुकून नाही. घाईत नाही. तिच्या चांगलं लक्षात राहावं म्हणून मी ती ओळ जुळवली होती. ती हसली, पुटपुटून पाहिली, आणि मला चहा पाजला. मी प्यायले.

प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेला परीक्षक बाहेरचे. तिच्यामागे माझा नंबर, मी दाराशीच उभी. टेबलावर दोन्ही रोपं, दोन्ही कोवळी. कौसल्यानं एक उचललं आणि खणखणीत आवाजात माझी ओळ म्हटली. परीक्षक मागं रेलून हसले. "हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. "मीच पाठ केलं, सर."

"असंच पाठ करून इथवर आलात? की जागा राखीव होती म्हणून?"

दाराशी उभे असलेले सगळे हसले. आणि मी? — मीही हसले. पुढं तिला साधं करडईचं फूलसुद्धा ओळखता येईना. मग मी आत गेले आणि कान बरोबर सांगितले.

संध्याकाळी ती मलाच म्हणाली, "माझ्याच डोक्यात उलटं बसलं गं. तू नीट सांगितलं असशील."

"मी नीटच सांगितलं होतं," मी म्हणाले.

हे जास्त वाईट, की आधीचं? थांबा — अजून आहे.

प्रात्यक्षिकात ती नापास झाली. तिचे वडील तिची ट्रंक न्यायला आले. ती आत आवरत होती तेवढ्यात ते मला बाहेर गाठून म्हणाले, "बाई, पुन्यांदा बसवावं का हिला परीक्षेला? पाव्हणे बी यायलेत बघायला. तुमी सांगा. तुमी म्हणाल तसं करतो."

मला एकच शब्द बोलायचा होता — बसवा.

"नाही जमायचं तिला, काका," मी म्हणाले. "लग्न उरकून टाका."

त्यांनी हात जोडले. ट्रंक खांद्यावर घेतली.

ती परत परीक्षेला बसली नाही. मी पहिली आले, पुढं एम.एस्सी. केलं, कॉलेजात शिकवायला लागले. पंधरा वर्षांनी, विद्यापीठाच्या नावाची पाटी अखेर बदलली त्या सालात, पालमच्या स्टँडवर ती दिसली. डोक्यावर सरपणाचा भारा, सोबत सासू. तिनं मला ओळखलं. आनंदानं, अगदी मोठ्यानं, माझं नाव घेऊन हाक मारली.

गाडी लागलेली होती. मी चढले आणि पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसले.