बस स्टॉपवरचं हेल्मेट

साहेबांनी स्वतःच्या हाताने माझ्या डोक्यावर हेल्मेट चढवलं. टाक्यांच्या जागी कड घासली. मी तोंड वाकडं केलं, तर साहेब फोटोवाल्याला म्हणाले, "थांबा, ताई हसल्या नाहीत अजून."

गंगापूर रोडवरचा हॉल. रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम. खांद्यावर शाल, मांडीवर नारळ, डोक्यावर हेल्मेट. माईकवरची बाई गहिवरून सांगत होती, "हेल्मेट घातलं असतं तर ताई आज आपल्यासारख्या घडाघडा बोलल्या असत्या!" टाळ्या.

बाई गं, मी बस स्टॉपवर उभी होते. सातपूरला फर्स्ट शिफ्टला निघाले होते, हातात डबा. बसची वाट बघतानाही हेल्मेट घालायचं असतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. रात्रभर पार्टी करून, दारूने तर्र होऊन, उजाडल्यावर गाडी थेट स्टॉपवर घातली ती याच साहेबांच्या चिरंजीवांनी. पोलिसांनी तपासलं तेव्हा दारू निघाली. आणि आता वडील हेल्मेट वाटतायत. दानत बघा!

धडक मला आठवत नाही. मेंदूला मार लागला, त्यात ती पुसली गेली. पण मी कुठे उभी होते ते पक्कं आठवतं. फुटपाथवर, पाटीखाली, सोबतच्या दोघींच्या मध्ये.

कंपनीत मी तपासणीला होते. केसाएवढा फरक असलेला पार्टसुद्धा माझ्या हातून सुटायचा नाही. दवाखान्यातून घरी आले तेव्हा मिठाला मीठ म्हणता येत नव्हतं. उजवा हात लुळा. आई हरसूलहून आली आणि भाजीची टोपली घेऊन समोर बसली. वांगं उचलून माझ्याकडे बघायची. मी म्हणायचे, "भोपळा." दोडकाही भोपळा, मिरचीही भोपळा. आई उत्तर सांगायची नाही. "लय घाई नको करू. येईल. मी हाय इथंच." तीन आठवड्यांनी "वांगं" आलं. त्या दिवशी आम्ही दोघी रडलो.

बाकी सगळ्यांना घाई. नवऱ्याला तर फारच. मी पाणी मागायला तोंड उघडलं की तो म्हणायचा, "चहा हवाय? ठेवतो." मग मी चहा प्यायचे. तहान तशीच. चूक सांगायला आणखी चार शब्द लागले असते आणि मला लाज वाटायची. अशी मी बावळट. दुसऱ्यांचे शब्द गिळत वर्ष काढलं.

साहेब घरी आले तेही याच भरवशावर, सफरचंदांची करंडी घेऊन. माझ्यासमोर बसून नवऱ्याला विचारतात, "यांना कळतं का सगळं?"

"थोडंफार," नवरा म्हणाला.

सगळं कळत होतं. साहेबांना एक कागद हवा होता. मीच अचानक रस्त्यात आले, चूक माझी, असं लिहिलेला. "कोर्टात ताईंचे हाल कशाला? अंगठा दिला की संपलं. आपण त्यांचा सत्कार करू." माझा शब्द ओठावर येईपर्यंत नवरा बोलून मोकळा झाला, "चालेल साहेब." शिकलेल्या बाईचा अंगठा देऊन टाकला त्याने, चहा ठेवावा तसा.

म्हणून हा सत्कार. तो उरकला की आतल्या खोलीत अंगठा. त्याआधी माईकवरच्या बाईने माईक माझ्यापुढे धरला. "ताई, दोन शब्द." मी शब्द शोधायला लागले. तिने क्षणभरही वाट पाहिली नाही. "ताई भावुक झाल्यात!" पुन्हा टाळ्या.

भावुक? माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. मी डाव्या हाताने माईक धरला आणि सोडला नाही.

"मी... स्टॉपवर... उभी होते."

"ताईंना असं म्हणायचंय की..."

"थांब."

हा शब्द लगेच आला. साहेब घड्याळ बघायला लागले. बघा म्हटलं, खुशाल बघा.

"यांचा... मुलगा... प्यायलेला होता."

तेवढ्याला किती वेळ लागला कोण जाणे. मी हसले तेव्हा. फोटोवाल्याने फोटो काढला नाही.

आतल्या खोलीत साहेबांचा माणूस शाईचा पॅड घेऊन उभा होता. टेबलावरचा कागद मी उचलला आणि पर्समध्ये घातला. "ताई, तो द्या इकडे." मी म्हणाले, "नाही." शाल तिथेच खुर्चीवर टाकली.

रिक्षात नवरा धुमसत होता. "काय मिळवलंस? मोठी माणसं आहेत ती." मोठी! पोराची दारू लपवायला ज्यांना माझा अंगठा लागतो, ती मोठी.

कागद मी सरकारी वकीलबाईंकडे दिलाय. पुढच्या महिन्यात तारीख आहे. साक्ष मी देणार, माझ्या तोंडाने. मध्ये बोलायचं नाही, असं नवऱ्याला बजावलंय. मी अडखळेन. चुकेन. चुकलेला शब्द मागे घेऊन दुसरा शोधेन. दिवस गेला तर जाऊ दे. साहेबांच्या चिरंजीवांना ते सगळं, शेवटच्या शब्दापर्यंत, शुद्धीत बसून ऐकावं लागेल.