न तपासता फिट

"ह्यांना काय होतंय? ह्यांना दगड पचतात."

डॉक्टर असं म्हणाला आन् मिलचा मॅनेजर खो खो हसला. मी त्यांच्या टेबलापुढं उभी व्हते. त्याआधी डॉक्टरनं मला दोनच गोष्टी विचारल्या. नाव काय, राहतीस कुठं. मी वस्तीचं नाव सांगितलं. बाबासाहेबांच्या नावाची वस्ती. ते ऐकलं आन् त्यानं पुन्हा मान वर केली न्हाई. नळी गळ्यात तशीच लोंबत राहिली. मी म्हणाले व्हते, "साहेब, सकाळी खोकला थांबत न्हाई." त्याला हे उत्तर.

आन् मी बी हसले.

हे मी आजवर कुणाला सांगितलं न्हाई. पदर तोंडाला लावून हसले. साहेबाला वाटावं, बाईला राग आला न्हाई. काम टिकावं म्हणून हसले.

मी मूळची लोह्याकडची. दहावी पास. लग्न होऊन लातूरला आले. नवरा ऑटो चालवतो. मी डाळीच्या मिलमध्ये चाळणीवर व्हते. तूर भरडली की भुसा उडतो. डोळ्यात जातो, नाकात जातो. घरी केस धुतले तर पाणी पिवळं निघतं. तोंडाला बांधायला आमचा पदर, दुसरं काही न्हाई.

वर्षातून एकदा मिलमध्ये डॉक्टर यायचा. कामगार कामाला लायक हायेत का बघायला. हापिसातल्या लोकांना आत केबिनमध्ये खुर्ची. दंडाला पट्टा बांधून बीपी, डोळ्यांसाठी तक्ता. आम्ही बाया व्हरांड्यात रांगेत. आमचे फॉर्म डॉक्टरनं घरूनच भरून आणलेले. मला वाचता येतं. माझं वजन पंचावन्न किलो. मागच्या बाईचं पंचावन्न. पुढची माझ्या दुप्पट, तिचं बी पंचावन्न. वजनकाटा तर आणलाच नव्हता. छाती साफ, नजर साफ. खाली शिक्का, फिट.

मी वाचलं. आन् सही केली.

माझ्यामागं मालन मावशी व्हती. किल्लारीची. भूकंपात घरची माणसं गेली, तवापासून लातुरात. मिलमध्ये पोती शिवायची. दोन पोती शिवून झाली की सुई खाली ठेवायची आन् भिंतीला टेकून श्वास घ्यायची. तिला अक्षर येत नव्हतं.

"काय लिवलंय गं माय?"

"फिट लिवलंय, मावशी. म्हंजे तब्येत चांगली हाय."

"मंग मला दम कामून लागतो?"

मॅनेजर ओरडला, "ए, आवरा लवकर." मी मावशीचा अंगठा धरला. शाईच्या पॅडवर दाबला. कागदावर टेकवला. मी.

त्याच हिवाळ्यात मावशी पोत्यांवर आडवी झाली. ओठ निळे पडले. आम्ही तिला ऑटोत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "धुळीत काम करतात का या? किती वर्षं?" आम्ही सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता पुन्हा त्या कामाला पाठवू नका."

मी मॅनेजरकडं गेले. म्हणाले, मिलच्या धुळीनं झालंय, मिलनं बघावं. त्यानं कपाटातून कागद काढला. "बाई फिट होती. डॉक्टरचा शिक्का आहे, तिचा अंगठा आहे. घरी चुलीचा धूर खाल्ला असेल."

अंगठा जरा तिरका उठला व्हता. मी घाईत धरला व्हता म्हणून.

मावशीकडं गेले. ती खाटंवर बसून व्हती. आडवं झालं की दम कोंडतो, म्हणून रात्रंदिवस बसून. मी तिला सगळं सांगितलं. कागदाचं, अंगठ्याचं. ती म्हणाली, "तू तरी काय करणार व्हतीस गं माय." तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवशी मला डॉक्टरपेक्षा माझा जास्त राग आला. आम्हाला दगड पचतात म्हणायला त्याचं काय जात व्हतं? पण मला वाचता येत व्हतं.

पुढच्या साली पुन्हा तपासणीचं शिबिर आलं. डॉक्टर तोच. फॉर्म तसाच. वजन पंचावन्न.

"सही कर."

"न्हाई करणार. आधी तपासा."

"तपासलंय."

"कवा? तुमची नळी माझ्या अंगाला लागली न्हाई अजून."

मॅनेजर खुर्चीतून उठला. डॉक्टरनं त्याला हातानं बसवलं. पेनचं टोपण काढलं. शांतपणे म्हणाला, "अनफिट लिहू का? उद्यापासून घरी बसशील."

फिट लिहिलं तर भुसा खात मरायचं. अनफिट लिहिलं तर चूल बंद. दोन्ही त्याच्याच पेनात.

"लिहा," मी म्हणाले. "पण तपासून लिहा. वस्तीचं नाव ऐकून तपासत नसाल, तर तसं लिहा आन् खाली सही करा."

त्याचा चेहरा लाल झाला. पण व्हरांडाभर माणसं बघत व्हती. तो उठला. नळी कानाला लावली, माझ्या पाठीला टेकवली. "श्वास घे." घेतला. "परत." घेतला. तिसऱ्यांदा त्यानं नळी दुसरीकडं सरकवली आन् जरा वेळ तशीच धरली.

"कधीपासून आहे हे?"

"मागल्या साली सांगितलं व्हतं, साहेब. तुम्ही म्हणाला व्हता, ह्यांना दगड पचतात."

त्यानं इंग्रजीत लिहिलं. मी एकेक अक्षर लावून वाचलं. धुळीच्या कामाला अयोग्य. मॅनेजर म्हणाला, "उद्यापासून येऊ नको."

माझ्यामागच्या सगळ्या बायांनी सह्या केल्या, अंगठे लावले. मान वर न करता. एक जण फाटकापाशी म्हणाली, "लई शहाणी झालीस. आता तो कागद खा." मागल्या साली मी बी तीच व्हते.

दुसऱ्या मिलमध्ये काम मागायला गेले. तिथला माणूस म्हणाला, फिटनेसचा दाखला आण. दाखला देणारा डॉक्टर कोण? तोच.

कामगारांच्या सरकारी हापिसात अर्ज दिला. साहेब दौऱ्यावर. पुन्हा गेले. अर्ज दुसऱ्या टेबलाला. पुन्हा गेले. तिथले म्हणाले, नांदेडला पाठवलाय. नांदेडला गेले. तिथला बाबू म्हणाला, लातूरचं लातूरला बघा. जिना चढताना छाती शिटी वाजवते, मधल्या पायरीवर बसावं लागतं. लोक वळसा घालून जातात. नवरा म्हणतो, "सोड आता." सोडलं तर पुढच्या साली सगळ्यांचं वजन पुन्हा पंचावन्न.

अर्जात मी मावशीच्या अंगठ्याचं बी लिहिलंय. बाबू म्हणाला, "हे कशाला लिहिता बाई? तुम्हीच अडकाल." मी म्हणाले, "राहू द्या. झालं तसं लिहिलंय."

आता शिबिराचा दिवस जवळ आलाय. मी वस्तीत घरोघर जाऊन बायांना सांगून राहिले, की न तपासता सही करू नका, अंगठा लावू नका. काही जणी दार लावून घेतात. मी पुढच्या दाराला जाते. त्या दिवशी मिलच्या फाटकापाशी मी सकाळपासून उभी राहणार. येणाऱ्या एकेकीला फॉर्ममध्ये काय लिहिलेलं असतं ते सांगणार. वॉचमन हाकलणार, माहीत हाय. मला आत जायचंच न्हाई. बाहेरचा रस्ता मिलच्या मालकीचा न्हाई.