पडवीतलं खाकरणं

आमच्या वाडीत पुरुषमाणूस कुणाच्याही घरात शिरताना उंबऱ्याबाहेर खाकरतो. दाराला बेल नाही, कडी वाजवायची पद्धत नाही. खाकरलं की आतल्या बाईनं पदर सावरायचा, आंघोळ चालली असेल तर "थांबा" म्हणायचं. बापसुद्धा खाकरल्याशिवाय लेक असेल त्या खोलीत पाय टाकत नाही.

गुंजवणे गावाच्या वर, डोंगराच्या अंगाला आमचे पाच-सहा उंबरे, सगळी एकच भावकी. त्या थंडीत बिबट्यानं लागोपाठ शेरडं उचलली. रात्री पाळीपाळीनं राखण सुरू झाली, पण शेकोटीपाशी बसून माणसं कंटाळली. मग ह्यांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, मोबाईलवर दिसणारा कॅमेरा आणला आणि पडवीच्या तुळईला ठोकला, कारण शेरडं पडवीतच बांधलेली असतात. राखण सगळ्यांची, म्हणून पासवर्डही सगळ्यांना. एक ते आठ आकडे, ओळीनं. म्हाताऱ्या माणसालाही ध्यानात राहावेत म्हणून तसे ठेवले आणि वाडीच्या ग्रुपवर टाकून दिले. जाग येईल त्यानं मोबाईल उघडून बघायचं. आता गोधडीत लोळत राखण करा, म्हणून आम्ही बायका हसलो.

पुढं लेक पहिल्या बाळंतपणाला आली. मुलगा झाला. दवाखान्यातून घरी आल्यावर तिचं अंग चोळायला, शेकायला माझी थोरली जाऊ रोज सकाळी यायची. आमची आतली खोली नवी, स्लॅबची. तिथं शेगडी पेटवली की धूर कोंडतो. पडवीला कौलं आहेत, धूर निघून जातो, वर जनावरांची ऊब. म्हणून बाज पडवीत टाकली. माझी आई मला अशीच पडवीत शेकायची.

आता कुणी म्हणेल, डोक्यावर कॅमेरा होता तो दिसला नाही? दिसत होता की! पण तो शेरडांचा होता. राखण रात्रीची, दिवसाउजेडी शेरडांकडं कोण कशाला बघंल? शेरडाच्या गळ्यातल्या घंटीकडं जेवढं लक्ष असतं, तेवढंच आमचं त्याच्याकडं.

त्या सकाळी गडीमाणसं सगळी भात झोडायला खळ्यावर गेलेली. शेगडीवर ओवा टाकलेला, लेक बाजेवर पालथी, जाऊ पाठ चोळत होती आणि मी बाळाला मांडीवर घेऊन बसले होते. तेवढ्यात कुणीतरी खाकरलं.

जावेनं सवयीनं लेकीच्या अंगावर गोधडी ओढली आणि दाराकडं तोंड करून म्हणाली, "थांबा वो, पोरीचं शेकणं चाललंय."

दारात कुणीच नव्हतं. मी उठून अंगणात बघून आले. कुत्रंसुद्धा नव्हतं. परत आले तर लेक गोधडी गळ्याशी धरून वर तुळईकडं बघत होती. तेव्हा कळलं, खाकरणं वरून आलं होतं. त्या डबीतून इकडचं तिकडं आणि तिकडचं इकडं ऐकू येतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

माझं डोकं फिरलं. कोपऱ्यातला दांडका घेतला आणि तो कॅमेरा असा हाणला की तुकडे शेरडांच्या गव्हाणीत पडले. मेल्या, तुझे डोळे फुटले, असं काहीबाही ओरडत होते. ऐकायला त्या दोघी आणि शेरडंच तेवढी होती.

हे घरी आले आणि सगळं ऐकून घेतलं. पुण्यात कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, काका, सगळी वाडी एकाच नावानं आत जाते, मग कोण कधी आलं ते आता कसं सांगू? आणि एक ते आठ आकडे म्हणजे वाडीतलाच पाहिजे असंही न्हाई, जगातल्या कुणालाही ते कुलूप उघडतं. मी विचारलं, कुणी भरून ठेवलं असलं तर पुसता येईल का? तो म्हणाला, काकी, कॅमेरा फोडून काय उपेग, गेलं ते गेलं.

वाडीत विचारायचं तरी कसं? विचारायचं म्हणजे आधी सांगायचं. झाकली मूठ उघडायची आणि मग चार घरांत लेकीचंच नाव निघायचं. आपलेच दात, आपलेच ओठ. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी तेव्हा खाल्ला.

तरी भावकीतले एकेक येत होतेच. मोबाईलवर काही दिसंना, कॅमेरा बंद पडला काय? चुलत दीर आले, त्यांचा थोरला आला, समोरच्या घरातले चुलत मामंजी काठी टेकत आले. कुणी बिबट्याच्या काळजीनं येत असेल, कुणी कशानं, मला काय ठाऊक! ज्यांच्या हातचं पाणी पीत मी ह्या वाडीत म्हातारी होत आले, त्या प्रत्येकाचा घसा मी कान देऊन ऐकत होते. सगळे एकसारखेच खाकरत होते. मी चहा करून देत होते.

लेकीनं शेक सोडला. आतल्या खोलीत, खिडकीला चादर लावून, अंगावर साडी ठेवूनच दोन तांबे पाणी ओतून घ्यायची. तिचे वडील दाराशी येऊन खाकरले की दचकून बाळाला छातीशी धरायची. ते त्यांनी एकदा पाहिलं. तेव्हापासून ते खाकरत नाहीत, अंगणात उभे राहतात, आतून कुणी बाहेर येईपर्यंत.

मी तिला समजवायला गेले. म्हटलं, बाई, कुणीतरी चुकून उघडला असंल, लाज वाटून खाकरला असंल. माणूस भला असंल.

ती म्हणाली, "असंल गं आई. खाकरला त्याचं मी काय म्हणत न्हाई. जे न खाकरता बघत बसले असतील, त्यांचं काय?"

मी बाळाची दुपटी गोळा करून बाहेर धुवायला नेली.

सव्वा महिना भरायच्या आत तिनं जावयाला बोलावून घेतलं आणि शिवऱ्याला सासरी गेली. विहीणबाईंनी फोनवर मला विचारलं, आमच्या सुनेला काय कमी पडलं का? मी म्हटलं, थंडी लई हाय वो हितं, बाळाला सोसंना.

आता नातू उभा राहायला लागलाय. माहेरी ये म्हटलं की लेक म्हणते, तूच ये. पण शेरडं सोडून मी कुठं जाणार? म्हणून फोन करते. नातू दाखव म्हटलं की म्हणते, आई, नुसतं बोल. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर तिनं चिकटपट्टी लावलीय, काढत नाही. मग ती फोन त्याच्या तोंडाशी धरते आणि मी ऐकते. तो हसतो तेव्हा कसा दिसतो, मला माहीत नाही.