मधल्या धारेची बाटली

मी लग्न होऊन गोंदियाकडच्या गोरेगावजवळ त्या गावात आले, तेव्हा सासऱ्यांच्या भट्टीचं नाव तीन-चार खेड्यांपलीकडे कुणाला ठाऊक नव्हतं. इंग्रज सरकारच्या परवान्याची भट्टी, मोहाची दारू. आज गाळली की उद्याच्या बाजारात संपली. माझ्या माहेरीही हाच धंदा. सासरची दारू पहिल्यांदा हुंगली आणि मला ठसकाच लागला. राहवलं नाही.

"मामाजी, फुलांसंगं माती उकळून राहिली जी आपल्या भट्टीत."

मामाजी, म्हणजे माझे सासरे, भडकले. "कालची आलेली तू, मले शिकवून राहिली काय?"

पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच दोन टोपल्या मोहफूल माझ्यापुढे आणून ठेवलं. "घे. करून दाखव."

मी फुलं झटकली, आतले तंतू काढले, चटईवर वाळवली. गाळताना पहिली, घसा जाळणारी धार सरळ ओतून दिली. पहिल्या धारेसाठी तर गिऱ्हाईक जीव टाकायचं! मामाजी कपाळाला हात लावून बसले. शेवटची पाणचट धारही मी घेतली नाही. मधली तेवढी त्यांना द्रोणात दिली. त्यांनी चाखली आणि द्रोण पुन्हा पुढे केला.

त्याच उन्हाळ्यात माझ्या नवऱ्यानं गोंदियाच्या स्टेशनावरून एक रिकामं विलायती लाकडी पिंप आणलं, पाणी भरायला. बूच काढलं तर आत मनुकांसारखा गोड, जुना वास. "यात पाणी नाही भरायचं," मी म्हटलं. मधली धार भरली. आबकारीचे इन्स्पेक्टर शिक्का मारायला आले आणि हसायलाच लागले.

"अहो, दारू काय लोणचं आहे मुरायला?"

पिंप दोन वर्षं कोठीत पडून राहिलं. शिक्का फोडायच्या दिवशी इन्स्पेक्टरांबरोबर एक परदेशी पाहुणा आला. तो आमच्या जंगलातलं सागवान बघायला आलेला फ्रान्सचा माणूस, आणि घरी त्याचे द्राक्षांचे मळे. मी दाराआड उभी होते. दारू बाहेर आली ती मधाच्या रंगाची! पाहुण्यानं ग्लास नाकाशी धरला, डोळे मिटले आणि उघडेचनात. मग एक घोट, आणि तो भराभर काहीतरी बोलू लागला.

"विचारतात, ही कुणी बनवली?" इन्स्पेक्टर म्हणाले.

मामाजींनी क्षणभर मिशीवर हात फिरवला. "माह्या सुनेनं."

मला बाहेर बोलावलं गेलं. पाहुणा सांगू लागला, इन्स्पेक्टर मराठीत करू लागले. त्याच्या गावातही आधी द्राक्षाची दारू त्याच वर्षी, आंबट-तुरट, गावातच पिऊन संपायची. त्याच्या आजोबांनी द्राक्षं निवडायला, दारू मुरवायला सुरुवात केली. शेजाऱ्यांनी उचललं. मग बाटलीवर गावाचं नाव लिहू लागले. "आता समुद्रापलीकडचे लोक आमच्या गावाचं नाव घेऊन बाटली मागतात. तुमच्या गावाचं नाव काय?"

मामाजींनी सांगितलं. त्याला काही केल्या ते म्हणता येईना. आम्ही सगळे हसलो, तोही हसला. दोन बाटल्यांवर इन्स्पेक्टरांनी गावाचं नाव लिहिलेला कागद भाताच्या खळीनं चिकटवला आणि पाहुणा त्या घेऊन गेला.

कित्येक महिन्यांनी इन्स्पेक्टर घोड्यावरून आले ते हातातलं पत्र हलवतच. पाहुण्यानं तिकडच्या जाणकारांना काही न सांगता आमची दारू पाजली होती. प्रत्येकानं वेगवेगळ्या देशाचं नाव घेतलं. ही द्राक्षाची नाही, झाडाखाली पडणाऱ्या फुलाची, यावर कुणाचा विश्वास बसेना. शेवटी नकाशा काढून आमचा मुलूख शोधला! मी अंगणातच टाळ्या पिटल्या. घुंघट कुठे गेला, कळलं नाही. मामाजी तर पागोटं न बांधताच बाजारात धावले.

दुसऱ्या भट्टीवाल्यांनी विचारायला सुरुवात केली तेव्हा मी मामाजींकडे पाहिलं. ते म्हणाले, "सांगून दे सगळं. एका घरानं गावाचं नाव होत नाही."

मी सांगितलं. पुढच्या मोसमात गावातल्या बायांनी मोहाखाली पहाटेच चटया अंथरल्या. पिंपं मिळेनात तर सुतारानं खटपट करून दोन बनवली, पैकी एक गळकं निघालं.

पुढे सरकारनं खेड्यापाड्यातल्या भट्ट्या बंद केल्या, कारखान्याची दारू आली, आम्ही धानाच्या शेतीला लागलो. पण मधली चार-पाच वर्षं दूरदूरचे लोक रेंगीला बैल जुंपून यायचे आणि वेशीवरच विचारायचे, "हेच काय जी ते गाव?"