हिरव्या दिव्यापाशी

सिग्नलला ऑटो थांबला आणि शेजारी बसलेल्या नातीने संत्रं सोललं. त्या वासाबरोबर मी लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात जाऊन पोचले.

मी नागपूरची, हे नरखेडकडच्या संत्र्याच्या बागेतले. यांच्या मोटारसायकलवर मागे बसून मी माहेरी निघाले होते. आमच्या चौकात तेव्हा नुकतेच सिग्नलचे दिवे बसले होते. दिवा हिरवा झाला तरी हे पाय टेकून उभेच. मागचे सायकलवाले ओरडू लागले. मग दिवा पिवळा झाला आणि यांनी गाडी दामटली. लगेच शिट्टी वाजली.

"हिरवा होता तं थांबून काहून राहिले गा?" हवालदाराने विचारलं.

"हिरव्याले आम्ही हात नाही लावत, साहेब. रंग धरला का मंग निघतो. बागेत तसंच असते."

"आन् लाल?"

हे खरोखर विचारात पडले. "लाल संत्रा तं मी अजून पाह्यला नाही."

हवालदाराने हसत हसत शिट्टी खिशात टाकली. मी मात्र लाजेने पदर तोंडावर ओढला, माहेरच्या कोणी पाहिलं तर काय, म्हणून.

आज वाटतं, हिरवा म्हणजे निघा, हे ठरवलं तरी कोणी? त्याला बाग नसावी. यांना विचारायला हवं होतं. आता हे नाहीत.

समोरचा दिवा हिरवा झाला. ऑटोवाल्याने गिअर टाकला.

"थांबा जरा," माझ्या तोंडून निघून गेलं, "पिकू द्या."