आत्याबाईंची कानडी

लग्न होऊन मी कर्नाटकात, चिंताकीच्या बाजूला आले तेव्हा मला कानडीचं एक अक्षर येत नव्हतं. माहेर उदगीरकडचं. सासरी घरात मराठीच, पण ओसरीवर बायका जमल्या की सासूबाई, आमच्या आत्याबाई, कानडीत बोलायच्या. मी चहा घेऊन गेले की आवाज खाली यायचा. एक शब्द मात्र फिरून फिरून कानावर पडायचा. सोसे. शेजारणीला विचारलं तर म्हणाली, "सोसे म्हंजे सून."

मग माझ्या डोक्यात किडा शिरला.

तोवर माझे दोनदा दिवस राहून दोनदा वाया गेले होते. दुसऱ्या वेळी आत्याबाईंनीच मला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर कानडीत दोन-चार वाक्यं बोलले. बाहेर येऊन आत्याबाई माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "दोन वरसं मूल नको म्हणलेत. हिला ओझं उचलू द्यायचं न्हाई."

एवढ्याशा बोलण्याचा एवढा लांब अर्थ? मला दोन वर्षं अशीच ठेवायची, मग हिला मूल होत न्हाई म्हणून लेकासाठी दुसरी बघायची, असं माझ्या मनानं घेतलं.

त्यात दर मंगळवारी त्या पिशवी घेऊन सकाळच्या बसनं जायच्या. कुठं म्हणून विचारलं तर, "दवाखान्यात. बायकांचं काम असतंय." कसलं काम ते सांगायच्या नाहीत. मी गुपचूप शेजारणीकडून कानडी शिकायला लागले. आधी आकडे, मग नाती, मग दुखण्याखुपण्याचे शब्द. सहा-सात महिन्यांनी एका मंगळवारी त्यांच्या मागोमाग टमटमनं निघाले.

दवाखान्याच्या बाकावर त्या बसल्या होत्या, भोवती खेड्यातल्या पाच-सहा बायका. कुणालाच कानडी येत नसावी. एकेकीला घेऊन त्या आत जात, तिचं दुखणं डॉक्टरांना कानडीत सांगत, त्यांचं म्हणणं तिला मराठीत. पिशवीत जुन्या लुगड्यांच्या धुतलेल्या घड्या होत्या, बाळंतिणींसाठी. ओसरीवरच्या सोसे म्हणजे या होत्या, दुसऱ्यांच्या आजारी सुना.

मला लाज वाटायला हवी होती. पण मी दाराआड उभी राहून ऐकतच राहिले.

नुकतीच बाळंत झालेली एक वाळकी पोरगी सासूबरोबर आत होती. डॉक्टर म्हणाले, "ओंदु वार." एक आठवडा विश्रांती. आत्याबाईंनी तिच्या सासूला सांगितलं, "तीन महिने. घागर न्हाई, शेत न्हाई. डॉक्टरनं बजावलंय."

स्टँडवर मी त्यांना गाठलं. "डॉक्टर एक आठवडा म्हणले. तुम्ही तीन महिने कामून सांगितलं?"

त्यांनी पिशवी खाली ठेवली. "कानडी कवा शिकलीस?"

"तुम्ही माझ्याबद्दल काय बोलताव ते कळावं म्हणून."

त्या रागावल्या नाहीत. "आठवडा सांगितला तर चौथ्या दिवशी शेतात धाडत्यात. तीन महिने म्हणलं तर महिनाभर तरी पोरगी टेकती."

"आन् माझी दोन वरसं? ती डॉक्टरची, का तुमची?"

"बस आली. चल," एवढंच म्हणाल्या.

ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. लग्नाच्या चौथ्या वर्षी मला मुलगी झाली, धडधाकट. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं नाही, तसा विषयही घरात निघाला नाही. तरी त्यांनी दवाखान्यातलं काहीही सांगितलं की मी मनात म्हणायची, यातलं खरं किती?

गेल्या वर्षी त्या स्वतःला दाखवून आल्या. "वाताचं हाय," म्हणाल्या. नेमकी त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले नव्हते. चार महिन्यांत त्या गेल्या.

भेटायला गावोगावच्या बायका आल्या. त्या वाळक्या पोरीची सासूही आली, आता पार थकलेली. बाकीच्या उठल्यावर ती माझ्याजवळ सरकली.

"तुझी सासू मला फसवायली हुती. माझं माहेर कलबुर्गीकडचं. मला कानडी येतंय."

"मग बोललात कामून न्हाई?"

"माझ्या बाळंतपणात मला कुणी आठ दिवस बी टेकू दिलं न्हाई," ती म्हणाली. "तिनं तीन महिने सांगितले. मी पुरे तीन महिने दिले."